क्रियापदं आळीपाळीने

वृद्धाश्रमात त्यांना सगळे मावशी म्हणत. ऐंशी पार केलेले आजोबाही आपल्याला मावशी म्हणतात याचं त्यांना सुरुवातीला हसू यायचं. पुढे सवय झाली, ती इतकी की एकदा बँकेत कुणी त्यांना खऱ्या नावाने हाक मारली, तर ही कोण बाई म्हणून त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं.

मावशी कामाला वाघ होत्या. अंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघणं, वॉकरच्या पायांची रबरी बुचं झिजली की बदलणं, चादर अशी ताणून घालणं की तिच्यावर एक सुरकुती राहू नये, कारण म्हाताऱ्या कातडीला सुरकुतीही टोचते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना कूस बदलून देणं. डावी कूस, मग उताणं, मग उजवी कूस, की पुन्हा डावी. माणूस एकाच कुशीवर फार वेळ राहिला की पाठीला जखमा होतात. हे काम वर्षानुवर्षं करून मावशींचं असं ठाम मत झालं होतं की जगातली निम्मी दुखणी एकाच बाजूवर पडून राहिल्याने होतात.

त्यामुळे त्यांच्या हाताखाली सगळं आळीपाळीने चाले. खिडकीजवळची खुर्ची आळीपाळीने, टीव्हीचा रिमोट आळीपाळीने. वर्तमानपत्रावरून दोन आजोबांची हमरीतुमरी व्हायची, तर मावशींनी त्याचे दोन भाग करून एकाला आधी बातम्या आणि दुसऱ्याला आधी खेळाचं पान असा निवाडा केला. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. कुणावर अन्याय नाही आणि कुणाची कुरकुर नाही.

कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या आजी म्हणजे मावशींचा जीव. उभा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेलेला; नजर अजून टेपसारखी. नवीन माणूस आला की नमस्काराआधी त्याच्या खांद्याचं माप डोळ्यांनीच घेऊन मोकळ्या. गुडघ्यांमुळे हातात वॉकर आला, एवढं सोडलं तर आजी अगदी खुटखुटीत होत्या. मुलगा परदेशात, सूनही तिकडचीच, आणि दोन नातवंडं. नातवंडांना आजी महिन्यातून एकदा फोनच्या पडद्यावर दिसायची आणि ती दोघं हात हलवायची. बोलणार काय? त्यांना इंग्रजीच येत होतं आणि आजींचं इंग्रजी कॉलर, कफ आणि बटन यापुढे गेलं नव्हतं. मुलाला यायला गेली कित्येक वर्षं जमलं नव्हतं. आजी त्याबद्दल कधी बोलत नसत, म्हणजे ते मनात किती असेल हे मावशींना कळत होतं.

मॅनेजर मॅडमनी नियम केला होता की रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या घरी मोबाईलवर मेसेज गेला पाहिजे. आजींच्या घरच्या ग्रुपमध्ये सून आणि नातवंडंही होती, म्हणून तो मेसेज इंग्रजीत. मावशी शाळेत सातवीपर्यंत गेल्या होत्या, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता यायची. त्यांनी तीन वाक्यं पाठ केली होती: टुडे मदर ईट, मदर वॉक, मदर स्लीप. आई जेवल्या, आई चालल्या, आई झोपल्या. ती तीन वाक्यं मावशींनी इतके दिवस पाठवली की अंगठा आपोआप फिरायचा.

आणि एक दिवस मुलाचं उत्तर आलं. मॅडमनी मावशींना बोलावून ते वाचून दाखवलं. रोज तेच तेच येतं, तुम्ही एकच मेसेज पुन्हा पुन्हा चिकटवता का, आईकडे खरंच कुणी बघतं की नाही? दुसऱ्या एका शहरात मोठं, आधुनिक केंद्र आहे, तिथे प्रत्येक खोलीत कॅमेरा असतो. मी आईला तिकडे हलवायचा विचार करतोय.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मी कुठेही जाणार नाही," आजी म्हणाल्या. "कॅमेऱ्याला काय कळतं माझं? तो काय पाय चेपून देणार आहे?"

"तुम्ही नका काळजी करू," मावशी म्हणाल्या. "मेसेजचाच प्रश्न आहे ना? मी मेसेज असे पाठवते की दादा बघतच राहतील."

म्हणाल्या खऱ्या, पण घरी जाताना वाटभर एकच विचार. तीन वाक्यांच्या पुढचं इंग्रजी आणायचं कुठून?

ते घरातच होतं, कपाटाच्या फळीवर. मावशींचे यजमान छापखान्यात मशीनवर होते आणि बिघडलेली छपाई घरी आणून फळ्यांवर अंथरायची त्यांची जुनी सवय. त्यामुळे तेलाच्या बाटलीखाली पचनसंस्था होती आणि डब्यांखाली देशांच्या राजधान्या. कपबशा काढताना मावशींना त्यांच्याखाली शाळेचा एक रंगीत तक्ता दिसला. मोठ्या चौकटीत 'वॉक' आणि त्याच्याखाली एकाखाली एक शब्द: स्ट्रोल, मार्च, प्लॉड, लिम्प, स्टॅगर, क्रॉल. शेजारी 'ईट' आणि त्याची अशीच शेपूट. तशीच 'टॉक'ची, तशीच 'स्लीप'ची.

"अहो, हे काय आहे?"

"समानार्थी क्रियापदं," यजमान म्हणाले. "एका शब्दाला दुसरे शब्द. मागच्या बाजूला प्रत्येकाचा अर्थ येणार होता, ती बाजू कोरीच राहिली, म्हणून रद्दीत आला."

"पण सगळ्यांचा अर्थ एकच ना?"

"समानार्थी म्हणजे समान अर्थ. आणखी काय?"

यजमानांचा आत्मविश्वास दांडगा होता. ज्ञान मात्र छापखान्यात जेवढं हाताखालून जाई तेवढंच. पण मावशींना तो क्षण देव पावल्यासारखा वाटला. त्यांनी कपबशा दुसरीकडे हलवल्या आणि तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला.

त्या दिवसापासून मावशींनी पाठांतराचा धडाका लावला. व्हीलचेअर ढकलताना स्ट्रोल, मार्च. उशांचे अभ्रे बदलताना 'ईट'च्या शेपटीतले निबल, मंच, गॉबल. तोंडातल्या तोंडात चालायचं, त्यामुळे एका आजोबांना वाटलं मावशींनी नवा जप धरला आहे, आणि त्यांनी गुरू कोण म्हणून विचारलं. घरी यजमान जेवायला बसत आणि मावशींची उजळणी सुरू होई. एकदा ते म्हणाले, "अगं, भाजी वाढ." मावशी म्हणाल्या, "वाढते. सर्व्ह करते. ऑफर करते." भाजी येईपर्यंत यजमानांचा भात संपला होता.

आता इतके शब्द हाताशी आल्यावर ते वापरायचे कसे, हा प्रश्न मावशींना पडलाच नाही. त्यांना एकच रीत माहीत होती. आज चौकटीतला पहिला शब्द, उद्या त्याच्या खालचा, परवा त्याच्या खालचा. शेवटचा झाला की पुन्हा वरून. आजींना एका क्रियापदावर फार वेळ ठेवायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी मेसेज गेला: मदर स्ट्रोल इन गार्डन, मदर निबल टोस्ट. लगेच मुलाचा अंगठा आला. दुसऱ्या दिवशी मदर मार्च, मदर मंच, आणि मुलाने चक्क 'व्हेरी गुड' पाठवलं. मावशींनी तो फोन आजींना दाखवला, मॅडमना दाखवला, आणि काही कारण नसताना माळ्यालाही दाखवला.

आजींना तर या प्रकाराची चटकच लागली. संध्याकाळ झाली की त्या खुर्ची सरकवून बसायच्या.

"वाच गं. आज मी काय केलं?"

मावशी वाचायच्या. आजी एकेक शब्द तोंडात घोळवायच्या. 'प्लॉड' त्यांना आवडला नाही, जड वाटला. 'स्टॅगर' मात्र फार आवडला, त्यात त्यांना एक ऐट वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉकर घेऊन बागेकडे निघताना त्या शेजारच्या खोलीतल्या बाईंना म्हणाल्या, "चला, जरा स्टॅगर करून येऊ."

तिकडे मुलाचे मेसेज वाढत चालले होते. लिम्पच्या दिवशी त्याने लगेच विचारलं, 'विच लेग?' मावशींनी ते दोनदा वाचलं. कोणता पाय? हा काय प्रश्न झाला? माणूस चालतो तेव्हा दोन्ही पायांनी चालतो. परदेशात राहून माणसाला साध्या गोष्टीही कळेनाशा होतात, असं मनाशी म्हणत त्यांनी लिहिलं, 'बोथ लेग्ज.'

दुसऱ्या दिवशी स्टॅगरची पाळी होती. त्याच्या जोडीला आजींनी सूप गॉबल केलं, शेजारणीशी मम्बल केलं आणि रात्री बिछान्यात कोलॅप्स केलं. त्याच्या पुढच्या दिवशी चौकटीतला शेवटचा शब्द आला. मदर क्रॉल टू बाथरूम. त्यावर मुलाचं काहीच उत्तर आलं नाही. मावशींनी आजींना सांगितलं की दादांची आता खात्री पटलेली दिसते.

पुढे एके सकाळी फाटकाशी टॅक्सी थांबली आणि एक टक्कल पडलेला गृहस्थ बॅग तशीच रस्त्यावर टाकून आत पळत आला. त्याने ऑफिसात कुणाला काही विचारलं नाही. कोपऱ्यातली खोली उघडली, तर बिछाना रिकामा आणि चादर ताणून घातलेली. ती रिकामी गादी बघून त्याने भिंतीला हात टेकला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण ते? शर्ट खांद्यात किती सैल आहे."

आजी वॉकर घेऊन बागेतून येत होत्या. हातात माळ्याकडून भांडून मिळवलेली फुलं होती.

"आई," तो म्हणाला, "तू चालतेस?"

"मग काय उडू?" आजी म्हणाल्या, आणि मग त्यांनी त्याला ओळखलं. फुलं खाली पडली. आजींनी वॉकर सोडून त्याचे दोन्ही दंड धरले आणि त्याला सोडलंच नाही, इतका वेळ की मावशींना मागे खुर्ची धरून उभं राहावं लागलं.

रडणं झालं, चहा झाला, आणि मग मुलाचा पारा चढला. मॅडमच्या ऑफिसात त्याने फोन काढला आणि मेसेज एकेक करून मराठीत सांगितले. पहिल्या दिवशी आई आरामात फिरली. दुसऱ्या दिवशी सैनिकासारखी चालली. तिसऱ्या दिवशी कसेबसे पाय ओढले. मग लंगडली. कोणता पाय विचारलं तर म्हणे दोन्ही. मग झोकांड्या खाल्ल्या, आधाशासारखं सूप ढोसलं, तोंडातल्या तोंडात पुटपुटली आणि बिछान्यात कोसळली. शेवटी न्हाणीघरात रांगत गेली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. मावशींची पाचावर धारण बसली होती. आपण या माणसाला रोज थोडं थोडं मारत होतो, हे त्यांना आता कळत होतं. आजी मात्र हसता हसता खोकू लागल्या.

"एका आठवड्यात एवढं सगळं केलं मी?" त्या म्हणाल्या. "या वयात?"

"हसू नकोस, आई. विमानात शेजारचा माणूस मला पाणी आणून देत होता, इतका मी रडत होतो."

आजींचं हसणं थांबलं. "माझ्यासाठी?"

"नाहीतर कुणासाठी?"

मावशी पुढे झाल्या. "दादा, चूक माझी आहे. मला वाटलं सगळे शब्द एकच. मी आळीपाळीने लावले. काय बोलायचं ते मला बोला, पण आजींना इथून नेऊ नका."

मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला की याचसाठी तर ते केंद्र बरं. तिथे शब्दांवर अवलंबून राहावं लागत नाही, फोन उघडला की आई दिसते.

"तू उंटावरून शेळ्या हाक," आजी म्हणाल्या, "आणि शेळी मी."

शेवटी ठरलं ते एवढंच की तो परत जाईल, घरात बोलेल आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी फोन करून निर्णय सांगेल.

सुट्टी होती तेवढे दिवस मात्र तो तिथेच राहिला. सकाळी आईबरोबर बागेत, दुपारी व्हरांड्यात. येताजाता मावशी त्याला गाठायच्या आणि तक्त्यावरचे शब्द विचारायच्या. लाज वाटून शिकणं सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. स्टॅगर म्हणजे नक्की कसं? त्याने दारुड्यासारखं चालून दाखवलं, तेव्हा समोरून मॅडम येत होत्या. प्लॉड कसं? तो चिखलातून पाय उपसत असल्यासारखा चालला. त्याचा राग असाच चालता चालता उतरत गेला.

"मग आता बघा," मावशी म्हणाल्या. बागेच्या वाटेवर आजी चालल्या होत्या. पावलं लहान लहान पण भराभर, वॉकर टकटक, मान पुढे, जणू दुकान बंद व्हायच्या आत पोचायचंय. "याला तुमच्यात काय म्हणायचं?"

तो बघत राहिला. एक शब्द म्हणाला, स्वतःच मान हलवली. दुसरा म्हणाला, तोही सोडून दिला.

"आम्ही तर तुरुतुरु म्हणतो," मावशी म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला. "तुरुतुरु." हा शब्द त्याच्या तोंडून किती वर्षांनी निघाला होता कोण जाणे. मग तो म्हणाला, "मावशी, यापुढे तुम्ही मराठीतच लिहा. मी घरी वाचून सांगेन."

आणि तो गेला. आजी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आता मावशींचा हात मोकळा सुटला. घरच्या भाषेत त्यांना दारावर तक्ता लागत नव्हता. त्यांनी लिहिलं की आज आजींनी सूप भुरकलं, भात नुसता चिवडला, आणि शेजारणीच्या ताटातली बर्फी मात्र तिची पाठ वळताच मटकावली. दुसऱ्या दिवशी लिहिलं की सकाळी आजी पाय रखडत होत्या, गुडघा धरलाय, तेल लावून शेकलं, संध्याकाळी रमतगमत फाटकापर्यंत जाऊन आल्या. एकदा लिहिलं की दुपारी खुर्चीतच पेंगल्या, मी उठवलं तर म्हणाल्या मी झोपलेच नव्हते, आणि मग माझ्यावरच डाफरल्या. यात आळीपाळी नव्हती. रखडल्या त्या दिवशी रखडल्या, आणि सलग तीन दिवस तुरुतुरु चालल्या तर तिन्ही दिवस तुरुतुरु.

मुलाची उत्तरं येत, पण निर्णयाबद्दल त्यात चकार शब्द नसे. महिना सरत आला. एक दिवस आजींनी मावशींना कपाटावरची जुनी बॅग खाली काढायला सांगितली. मावशींनी ती काढली, पुसली, आणि पुन्हा वर ठेवून दिली.

शेवटच्या रविवारी आजी सकाळपासून इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. फोन वाजला तेव्हा मावशींनी तो टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर मुलगा होता आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवरून दोन डोकी पुढे घुसत होती.

"आई, आधी यांचं काम," तो म्हणाला. "मी रोज मावशींचा मेसेज वाचून दाखवतो. भुरकणं जमलं, मटकावणं तर त्यांना फारच आवडलं. पण तुरुतुरुपाशी मी हरलो. इंग्रजीत दहा शब्द सांगून झाले, यांना एकही पटत नाही. यांना ते बघायचंय."

आजींनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी वॉकर पुढे केला आणि फोन उचलून हातात धरला. आजी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पावलं लहान लहान, टकटक, मान पुढे. पलीकडे दोन्ही डोकी पडद्यावरून नाहीशी झाली, आणि मागच्या खोलीत नातवंडं काल्पनिक वॉकर धरून इकडून तिकडे धावू लागली.

"तसं नाही," मुलगा त्यांना सांगत होता. "हे पळणं झालं. असं." त्याने फोन कुठेतरी उभा केला आणि तोही उठला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला तो माणूस खांदे आक्रसून, लहान लहान पावलं टाकत आपल्या दिवाणखान्यात तुरुतुरु चालत गेला, आणि त्याच्यामागून त्याची मुलं.

आजी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या होत्या.

तो धापा टाकत परत आला. "ऐक, आई. मी त्या केंद्राला नाही म्हणून कळवलंय. कॅमेऱ्यात तू दिसशील, पण हे कोण लिहिणार? तू मावशींपाशीच राहा. आणि सुट्टीत आम्ही सगळे येतोय."

मावशींनी पदर तोंडाला लावला. महिनाभर ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते वाक्य आजींच्या कानावर गेलं की नाही, कोण जाणे. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, बरोबर त्याच्या खांद्यावर.

"ते राहू दे आता," त्या म्हणाल्या. "तू पुन्हा एकदा चालून दाखव."